टीएमसी आणि दहाचा नववा घात

प्रस्तावना

पावसाळ्यात भोरच्या एसटी स्टँडवर दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. वरंध घाट चालू आहे का, आणि भाटघर किती भरलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी टक्क्यांत देतं, कुणी टीएमसीत. भाटघर धरणाची क्षमता साधारण साडेतेवीस टीएमसी, नीरा देवघरची पावणेबारा. डोंगरापलीकडे वेल्ह्यात पानशेत साडेदहाच्या थोडं वर, वरसगाव पावणेतेराच्या आसपास. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजोबांनाही हे आकडे पाठ असतात, कारण त्यांच्या पिढीची जमीन या पाण्याखाली गेली आहे आणि नातवाची पिकं कालव्यावर नाहीत, आभाळावर आहेत.

टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. या तीन शब्दांकडे गणिताच्या नजरेने पाहा. हजार म्हणजे दहाचा तिसरा घात. दशलक्ष म्हणजे दहाचा सहावा घात. घनफूट म्हणजे फुटाचा तिसरा घात. हजार गुणिले दशलक्ष केलं की एकावर नऊ शून्यं येतात, म्हणजे दहाचा नववा घात, आपल्या बोलीत एक अब्ज. तीन आणि सहा मिळून नऊ. गुणाकार झाला संख्यांचा आणि बेरीज झाली घातांकांची. सातवीच्या फळ्यावर जो नियम चौकटीत लिहिला जातो, तो या तालुक्यांत रोज स्टँडवर, चहाच्या टपरीवर आणि बातम्यांत बोलला जातो. या बोलण्याची आणि वर्गातल्या नियमाची गाठ मात्र सहसा कुणी घालून देत नाही.

ती गाठ घालण्यासाठी पुढची पानं आहेत. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या सातवी-आठवीच्या मुलांसाठी आणि त्यांना गणित शिकवणाऱ्यांसाठी ती लिहिली आहेत. (वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे, बोलण्यात अजून वेल्हेच येतं, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे.) बालभारतीच्या पुस्तकांत सातवीला ‘घातांक’ हे प्रकरण येतं आणि आठवीला ‘घातांक व घनमूळ’. प्रकरणं लहान आहेत, चार-सहा तासिकांत संपतात. पण त्यातलं जे कच्चं राहतं ते नववीच्या करणींत, बहुपदींत, दहावीच्या विज्ञानात आणि पुढे अकरावीच्या प्रत्येक विषयात पाय अडकवत राहतं. शिष्यवृत्ती परीक्षेत घातांकावर प्रश्न असतात, म्हणून घाईघाईने नियमांचा तक्ता पाठ करून घेण्याची रीतही पडली आहे. मी या भागात गणित शिकवत आले आहे आणि मला त्या तक्त्याविषयी काही ठामपणे सांगायचं आहे. नियम आधी देऊ नयेत. ते मुलांच्या हातून मोजून निघावेत, आणि निघाल्यानंतरच चौकटीत जावेत.

याचं एक कारण अगदी इथलं आहे. आठवीचं तिसरं प्रकरण बहुतेक शाळांत ऐन आषाढात येतं. त्याच दिवसांत भातलावणी असते. चिखलणी झालेली, रोपं उपटून ठेवलेली, माणसं मिळत नाहीत, मग घरातलं मोठं पोर शाळेऐवजी खाचरात उतरतं. वेल्ह्याच्या डोंगराळ भागात ओढ्याला पाणी आलं तरी दोन-दोन दिवस वाडीवरून शाळेत येता येत नाही. अशी मुलं आठवड्याने परत येतात तेव्हा फळ्यावर सात नियम लिहिलेले असतात आणि बाकीचा वर्ग उदाहरणं सोडवत असतो. ज्याला नियम नुसता दिला गेला, त्याच्यापाशी तो विसरल्यावर काहीच उरत नाही. ज्याला घातांकाचा अर्थ कळला आहे, तो मात्र एका तासिकेत सगळे नियम स्वतः पुन्हा उभे करू शकतो. या भागातल्या मुलाला ही ताकद शहरातल्या मुलापेक्षा जास्त लागते. त्याच्यासाठी बुडलेला तास भरून काढणारी शिकवणी जवळपास नसते.

आता नेमकं कुठे बिघडतं ते जवळून पाहू. फळ्यावर लिहा: दोनाचा तिसरा घात गुणिले दोनाचा चौथा घात. आणि मुलांना, कुणालाही न विचारता, पाटीवर उत्तर लिहायला सांगा. साधारणपणे चार उत्तरं येतात. दोनाचा बारावा घात. चाराचा सातवा घात. चाराचा बारावा घात. आणि दोनाचा सातवा घात. पहिली तिन्ही चूक आहेत, पण एकही उत्तर हवेतून आलेलं नाही. पहिल्या मुलाने मधलं गुणाकाराचं चिन्ह पाहिलं आणि तीन गुणिले चार केलं. दुसऱ्याने घातांक मिळवायचे असतात हे ऐकलेलं आहे, पण मधे गुणाकाराचं चिन्ह आहे म्हणून पायांचाही गुणाकार करून टाकला. तिसऱ्याने सगळ्यालाच गुणलं. प्रत्येकाने चिन्ह पाहून काहीतरी केलं. चिन्हामागे किती दोन उभे आहेत ते कुणी पाहिलं नाही.

अशा वेळी ‘चूक, नियम बघ’ म्हणण्याचा मोह होतो. त्यापेक्षा चारही उत्तरं फळ्यावर तशीच राहू द्यावीत आणि मुलांना किमती काढायला लावाव्यात. दोनाचा तिसरा घात आठ, चौथा सोळा. आठ सोळे एकशे अठ्ठावीस. हा पाढा सातवीच्या मुलाला येतो. मग दोनाचा बारावा घात किती? ४,०९६. चाराचा सातवा? १६,३८४. चाराचा बारावा तर १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. आठ आणि सोळा यांचा गुणाकार पावणेदोन कोटींच्या जवळ कसा जाईल? वर्गात आपोआप कुजबुज सुरू होते. आपलं उत्तर खरं की खोटं हे मुलाला शिक्षकांच्या चेहऱ्यावरून कळण्याची गरज उरत नाही, ते त्याने स्वतः ताडून पाहिलेलं असतं. यानंतर विस्तार लिहायचा: आधी तीन दोन, मग गुणाकाराचं चिन्ह, मग चार दोन. बोटाने मोजायचे. सात. दोन दोनच राहिले, फक्त रांग लांब झाली. अशी पाच-सहा उदाहरणं हाताने लिहून कंटाळा आला की एखादी मुलगी म्हणतेच, बाई, सगळं कशाला लिहायचं, वरचे आकडे मिळवले तरी येतंय. त्या क्षणी नियम वर्गात आला असं समजावं. पाया सारखा असेल तरच हे चालतं, हेही मग सांगावं लागत नाही. दोनांच्या रांगेत तीन घुसले तर मोजदाद एक राहत नाही, हे मुलांना दिसतं.

ही मोजदाद फार जुनी आहे, आणि ती आपल्याकडेही झालेली आहे. अनुयोगद्वारसूत्र या प्राचीन जैन प्राकृत ग्रंथात मनुष्यांची संख्या सांगताना एक प्रचंड संख्या येते. ती अशी बांधली आहे: दोनाचा वर्ग करायचा, त्या उत्तराचा पुन्हा वर्ग, असं करत जायचं. सहाव्या वेळी मिळणाऱ्या वर्गाला पाचव्या वेळच्या वर्गाने गुणायचं. आपल्या भाषेत सहावा वर्ग म्हणजे दोनाचा ६४ वा घात, पाचवा म्हणजे ३२ वा. गुणाकार येतो दोनाचा ९६ वा घात. ग्रंथ पुढे हेही सांगतो की ही संख्या ९६ वेळा निम्मी करता येते आणि तिला २९ स्थानं लागतात. दोन्ही गोष्टी बरोबर आहेत. चौसष्ट आणि बत्तीस मिळून शहाण्णव, हा सातवीतलाच पहिला नियम. नवव्या शतकात वीरसेनांनी षट्खंडागमावर लिहिलेल्या धवला टीकेत याच विचाराला ‘अर्धच्छेद’ असं नाव आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. आणि गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोन्ही संख्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियमही तिथे आहे. ही टीका विसाव्या शतकात छापून लोकांपुढे आली ती आपल्या अमरावतीहून, डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनात, १९३९ पासून.

ग्रीसमध्ये आर्किमिडीजने विश्व भरायला वाळूचे किती कण लागतील याचा हिशोब मांडताना इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हाच बेरजेचा नियम सिद्ध केला होता. युरोपात १५४४ साली मिखाएल श्टिफेल यांनी वर एक-दोन-तीन-चार अशी रांग आणि खाली दोन-चार-आठ-सोळा अशी रांग मांडून दाखवलं की वरची बेरीज म्हणजे खालचा गुणाकार. आपण घातांक आज जसा पायाच्या डोक्यावर उजवीकडे छोटा लिहितो ती पद्धत देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथाने रुळवली. म्हणजे नियम आधी होता, अनेक शतकं होता, आणि आजचं लेखन खूप नंतर आलं. आपण वर्गात हा क्रम उलटा करतो. आधी लेखन देतो, मग नियम, आणि अर्थाला वेळ उरत नाही.

श्टिफेलची ती दोन रांगांची मांडणी मला शाळेसाठी फार मोलाची वाटते. पुढच्या पानांत ती सगळीकडे येते. शून्य घातांकाची अडचण सोडवायला तर तिच्याइतकं साधं साधन नाही. दोनाचा शून्यावा घात किती, असं विचारलं की वर्ग एका आवाजात शून्य म्हणतो. मुलांच्या मनात असतं: दोन शून्य वेळा घेतला, म्हणजे काहीच घेतलं नाही, म्हणजे शून्य. या समजुतीला ‘शून्य घातांकाची किंमत एक असते, लक्षात ठेवा’ हे उत्तर नाही. फळ्यावर वर लिहा चार, तीन, दोन, एक. खाली लिहा सोळा, आठ, चार, दोन. वरची पायरी एकाने उतरली की खालची संख्या निम्मी होते, हे मुलं सांगतात. मग वर शून्य लिहा आणि खडू मुलाच्या हातात द्या. दोनाचं निम्मं एक. त्याच्या हाताने तो एक लिहिला जातो. तिथे थांबू नका. वर उणे एक लिहा. एकाचं निम्मं अर्धा. उणे दोन, पाव. ऋण घातांक म्हणजे उत्तर ऋण, ही दुसरी मोठी गैरसमजूत तिथेच गळून पडते, कारण निम्मं करत गेलं तर संख्या कितीही लहान झाली तरी शून्याखाली जाणार नाही हे समोर दिसत असतं. मग रांग तिनाची घ्या, दहाची घ्या. प्रत्येक वेळी शून्याखाली एकच येतो. शून्याच्या बाबतीत मात्र ही उतरंड चालत नाही, शून्याने भागता येत नाही. म्हणून नियमात ‘पाया शून्य नसावा’ ही अट आहे. मुलं ही अट विसरतात, कारण ती का आहे हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

भागाकाराच्या नियमासाठी आपल्याकडे दुसरा शब्द तयार आहे: क्युसेक. धरण भरलं की ‘इतक्या हजार क्युसेकने विसर्ग’ ही बातमी येते आणि नीरेकाठच्या गावांना सावध राहायला सांगतात. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. आता समजा, भाटघर पूर्ण भरलं आहे, वरून एक थेंब येत नाही आणि दहा हजार क्युसेकने पाणी सोडलं आहे. धरण किती दिवसांत रिकामं होईल? साडेतेवीस टीएमसी म्हणजे २.३५ गुणिले दहाचा दहावा घात इतके घनफूट. दहा हजार म्हणजे दहाचा चौथा घात. भागाकार केला की २.३५ गुणिले दहाचा सहावा घात इतके सेकंद येतात, कारण वरच्या दहा दहांपैकी चार दहा खालच्या चारांबरोबर कटले. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे सत्तावीस दिवसांहून थोडं जास्त. हे उदाहरण मी कितीतरी वर्गांत दिलं आहे आणि उत्तर आल्यावर मुलं नेहमी काही क्षण गप्प होतात. दहा हजार क्युसेक म्हणजे पुलाला लागणारं पाणी, ते त्यांनी पाहिलेलं असतं. तेच पाणी जवळपास महिनाभर अखंड वाहत राहील एवढं आपल्या डोंगरात साठतं, हे त्यांना आकड्याने पहिल्यांदा कळतं.

त्याच पाण्याचे लिटर करून पाहा. एक घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर. साडेतेवीस टीएमसीचे होतात ६.६५ गुणिले दहाचा अकरावा घात इतके लिटर, बोलायचं तर साडेसहासष्ट हजार कोटी. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर ६ कोटी ६५ लाख टँकर. १९२८ साली पुरं झालेल्या या धरणाचं पाणी वीर धरणात जाऊन नीरेच्या दोन्ही कालव्यांनी फलटण, बारामती, इंदापूर, माळशिरसची शेतं भिजवतं. आणि जलाशयाच्या वरच्या अंगाला असलेल्या काही वाड्यांत चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते. गणिताच्या पानावर हे लिहावं की नाही याचा मी विचार केला, आणि लिहिलं. ज्या मुलीला ही भागाकाराची रीत नीट येते, तिला आपल्या वाडीला वर्षाला किती पाणी लागतं आणि ते साठ्याचा कितवा भाग आहे, हेही काढता येतं. माणशी दिवसाला पंचावन्न लिटर आणि वाडीत दोनशे माणसं धरली तर वर्षाचे चाळीस लाख लिटर होतात, म्हणजे चार गुणिले दहाचा सहावा घात. तो भाग किती बारीक आहे हे ऋण घातांकात लिहायचं उदाहरण आतल्या पानांत आहे. उत्तर मी इथे देत नाही.

घाताचा घात, म्हणजे जिथे घातांकांचा गुणाकार करायचा असतो तो नियम, पहिल्या नियमाशी सगळ्यात जास्त घोटाळतो. इथे भाताचं उदाहरण घ्यावं. हिशोबासाठी असं धरू की एका दाण्यापासून एका हंगामात शंभर दाणे मिळतात. इंद्रायणी भाताच्या चांगल्या रोपाला याहून बरेच जास्त मिळतात, पण शंभर सोयीचे. शंभर म्हणजे दहाचा दुसरा घात. आलेले सगळे दाणे पुन्हा पेरले, त्यातून आलेले पुन्हा पेरले. तीन हंगामांनी किती? शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर, म्हणजे दोन-दोन शून्यांचे तीन गट, म्हणजे सहा शून्यं. दहा लाख दाणे. भाताच्या हजार दाण्यांचं वजन साधारण वीस-पंचवीस ग्रॅम भरतं, तेव्हा हे झालं वीस-पंचवीस किलो. चौथ्या हंगामाला दोन ते अडीच टन. एका दाण्याचे. इथे दोन आणि तीन यांची बेरीज का नाही, गुणाकार का, हे मुलं सांगतात: कारण दोन शून्यांची जोडी तीन वेळा आली. ‘गट किती आणि गटात किती’ हा तिसरीतला प्रश्न इथे परत भेटतो.

याच नियमाचा दुसरा चेहरा कमी गोड आहे. गावाकडे व्याज ‘दोन रुपये शेकडा’ असं बोलतात, म्हणजे शंभराला महिन्याला दोन. ऐकायला थोडं वाटतं. व्याज भागलं नाही आणि ते मुद्दलात मिळवत गेलं, तर दर महिन्याला रक्कम १.०२ पट होते. छत्तीस महिन्यांत १.०२ चा छत्तिसावा घात, म्हणजे दुपटीहून थोडं जास्त. तीन वर्षांत दुप्पट. नऊ वर्षांत? कितीतरी जण सहापट म्हणतील. दुपटीचा तिसरा घात आठ, आणि प्रत्यक्षात आठपटीच्याही पुढे. चक्रवाढ व्याजाचं प्रकरण आठवीत शेवटच्या महिन्यांत येतं आणि घातांकाचं सुरुवातीला, म्हणून दोघांची ओळख होत नाही. ती करून देणं मला शिक्षकाचं कर्तव्य वाटतं. आपल्या पोरांपैकी कितीतरी जण पुढे कुठल्या ना कुठल्या कागदावर सही करणार आहेत.

गुणाकाराचा घात हा नियम त्यामानाने लवकर समजतो, पण त्यात एक जागा आहे तिथे थांबावं लागतं. फुटात बारा इंच असतात, तर घनफुटात किती घनइंच? बारा, असं उत्तर पटकन येतं. पुठ्ठ्याचा एक फुटाचा ठोकळा करून त्याच्या एका कडेवर इंचाच्या खुणा केल्या की बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १,७२८ हे दिसतं. शेततळ्याची प्रत्येक बाजू आणि खोली दुप्पट केली तर पाणी दुप्पट होत नाही, आठपट होतं, ही गोष्ट ठेकेदाराला माहीत असते आणि शेतकऱ्यालाही माहीत असायला हवी.

मात्र बेरजेचा घात वेगळा. तीन अधिक दोन याचा वर्ग म्हणजे नऊ अधिक चार, ही चूक नववी-दहावीपर्यंत टिकते. तिच्यासाठी आतल्या पानांत खाचराचं चित्र काढलं आहे: पाच वावांचं चौरस खाचर, मधे दोन बांध घालून एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन. दोन चौरस तुकडे नऊ आणि चार. आणि उरलेल्या दोन लांबोळक्या पट्ट्या, सहा-सहाच्या. त्या पट्ट्यांत भात लावलेलाच नाही असं धरलं तरच तेरा येतात. उणे दोनाचा चौथा घात कंसात असताना सोळा आणि कंस नसताना उणे सोळा, हा फरकही मोजूनच समजतो. त्यासाठी वेगळं काही लिहिलेलं नाही, उदाहरणं भरपूर दिली आहेत.

या तालुक्यांत आता सेमी-इंग्रजी वर्ग बरेच आहेत. तिथे पाया म्हणजे बेस, घातांक म्हणजे इंडेक्स किंवा पॉवर. मुलं घरी मोबाईलच्या ६४ जीबी, १२८ जीबीबद्दल बोलतात, हेही दोनाचे सहावा आणि सातवा घात आहेत, आणि मधे शंभर जीबीचा फोन का मिळत नाही हा चांगला प्रश्न आहे. शब्द कुठलेही वापरा, पण उदाहरण समजावताना मुलाच्या घरच्या बोलीत बोला. ‘दोन चारदा घेऊन गुणले’ हे वाक्य कुठल्याही व्याख्येपेक्षा जास्त काम करतं. ज्या जिल्हा परिषद शाळांत एका खोलीत दोन इयत्ता बसतात, तिथे सहावीच्या मुलांनी ही रांगांची उदाहरणं ऐकली तर त्यांचं काही बिघडत नाही. पुढच्या वर्षी तीच मुलं आधी हात वर करतात.

ज्यांना वाटेल की हे सगळं करायला वेळ नाही, त्यांच्यासाठी एक हिशोब मांडते. तक्ता पाठ करून घेतला तर दोन तासिका वाचतात. त्यानंतर प्रत्येक परीक्षेआधी तो पुन्हा पाठ करून घ्यावा लागतो आणि दरवेळी बेरीज-गुणाकाराची अदलाबदल पुन्हा दुरुस्त करावी लागते. वाचलेल्या दोन तासिका सहामाहीपर्यंतच खर्ची पडतात. मोजून शिकलेला वर्गही चुकतो, पण चुकल्यावर कागदाच्या कोपऱ्यात छोटा विस्तार लिहून स्वतःला दुरुस्त करतो. तो कोपऱ्यातला विस्तार पेपर तपासताना दिसला की मी त्याला कधी खाडाखोड म्हणून गुण कापलेले नाहीत, आणि कुणी कापू नयेत अशी माझी विनंती आहे.

शेवटचा पाठ आठवीसाठी आहे आणि तिथे मोजण्याची सोय संपते. दहाचा अर्धा घात म्हणजे काय? दहा अर्ध्या वेळा कसा घ्यायचा? बोटं इथे उपयोगाची नाहीत. पण इथवर आलेल्या मुलापाशी आता नियम आहे, आणि तो त्याचा स्वतःचा आहे. तो म्हणू शकतो: ही संख्या काय आहे ते मला माहीत नाही, पण तिला तिनेच गुणलं तर घातांक अर्धा अधिक अर्धा, म्हणजे एक होईल, म्हणजे उत्तर दहा येईल. मग ती संख्या तीन आणि चार यांच्या मधली असली पाहिजे. ३.१ चा वर्ग ९.६१, ३.२ चा वर्ग १०.२४. मधे कुठेतरी. मुलांना हवं तितकं जवळ जाऊ द्या; ३.१६ पर्यंत बहुतेक पोचतात, काही ३.१६२ पर्यंत. मग तृतीयांश घातांक विचारा, आणि प्रकरणाच्या नावात घनमूळ कशाला आलं आहे ते त्यांनाच सांगू द्या.